अमेरिकेची सावड

समजावून सांगण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात नव्हता! हे मी म्हणत नाही, आमच्या ब्लॉकचे साहेब म्हणायचे. "शेख, तुम्ही समजावलंत तर दगडसुद्धा श्रमदानाला येईल!" आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. ज्या माळेवाडीत भात फक्त लग्नाच्या पंगतीत दिसतो, त्या माळेवाडीत मी भात लावायची जपानी पद्धत दीड तास समजावून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाईला सांडपाण्याचा शोषखड्डा समजावला, तर तिनं एकाच्या जागी तीन खणले आणि तिसऱ्यात स्वतःच पडली. पण पडली तरी मला शिवी दिली नाही. समजलं होतं ना तिला!

तर मी वली शेख, ग्रामसेवक, माळेवाडी. बेंबळीपासून दोन कोस. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून, नोकरी आता महाराष्ट्राच्या राज्यात मराठीतून, आणि ती नोकरी टेम्पररी! अडीच वर्षं टेम्पररी!

या टेम्पररीनं माझं वाटोळं केलं होतं. कळंबच्या अडत बाजारात पाशामियाँचं बारदानाचं दुकान आहे. त्यांची मुलगी नूरजहाँ. बोलणी झालेली, साखर वाटलेली, माझ्या अम्मीनं, हसीनाबीनं, चांदीचे पैंजणसुद्धा घडवून ठेवलेले. पण पाशामियाँचा एकच हेका.

"बेटा वली, मी फाटकं पोतंसुद्धा विकतो. पण विकताना सांगतो, हे फाटकं आहे. आता जावई काय करतो म्हणून लोकांनी विचारलं तर काय सांगू? टेम्पररी आहे? कायमची ऑर्डर दाखव आन् निकाहची तारीख घेऊन जा!"

नूरजहाँ यावर काही बोलली नव्हती. पण गल्लीत पोस्टमन दिसला आणि तो पुढं निघून गेला की ती आत जाऊन भांडी आपटते, असं अम्मीच्या कानावर आलं होतं. मला तर त्या भांड्यांचा आवाज माळेवाडीत ऐकू यायचा.

अशात एकसष्टच्या उन्हाळ्यात साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "शेख, नशीब उघडलं तुमचं! भारत आणि अमेरिका, दोन देशांचं सहकार्य! माळेवाडीच्या नाल्यावर मातीचा बांध घालायचा. मशीन अमेरिकेचं, तज्ज्ञ अमेरिकेचा. अर्धं काम ते करणार, अर्धं गावानं श्रमदानातून करायचं. मृगाच्या आत बांध पुरा झाला, की तुमची कायमची ऑर्डर माझ्या सहीनं! आणि नाही झाला, तर..."

"तर काय साहेब?"

"तर अजून दोन वर्षं नाव काढू नका."

मी घरी जाऊन अम्मीला म्हटलं, "पैंजण घासून ठेव!"

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर सभा घेतली. अध्यक्ष आमचे सरपंच कल्याणप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि शब्दाला असा पक्का की शेजाऱ्याकडून विस्तव आणला तर संध्याकाळी दोन गोवऱ्या नेऊन देणार. मी बोलायला उभा राहिलो. भारत ही लोकशाही, अमेरिका ही लोकशाही. मधे सात समुद्र, पण मनं एक! इथंही मतदान, तिथंही मतदान! पाऊण तास झाला, टाळ्या पडल्या, आणि मग कल्याणप्पांनी हात वर केला.

"वलीसायेब, समदं खरं. पर ते आमचा बांध कामून घालायलेत? आमचं त्यांचं काय सोयरपन?"

"सहकार्य, कल्याणप्पा!"

"ते हो. पर बदल्यात काय मागनार? जमीन?"

सभेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "फुकट देतोय म्हंजे डोळा कशावर तरी असनारच." आणखी कुणी म्हणालं, "नगं आपल्याला!" दोघं-तिघं तर धोतर झटकून उठलेच. डोळ्यांसमोर नूरजहाँ, तिच्या हातात पातेलं! आणि त्या क्षणी माझ्या या जिभेवर ते वाक्य आलं. कुठून आलं खुदा जाणे!

"अहो कल्याणप्पा, अवघड काय आहे त्यात? ही सावड आहे! दोन देशांची सावड!"

उठलेले खाली बसले. कल्याणप्पांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "आस्सं! सावड व्हय! मग आधी न्हाय का सांगायचं!"

शहरातल्या वाचकांसाठी हेही समजावून सांगतो. आज तुम्ही तुमची बैलजोडी घेऊन माझ्या रानात राबायचं, उद्या मी माझी घेऊन तुमच्या रानात. पैसा नाही, कागद नाही, दिवसाला दिवस. याला म्हणायचं सावड. आणि माळेवाडीत तिचे दोन कायदे सरकारी कायद्यापेक्षा कडक. एक, एकाची सावड डोक्यावर असेल तर ती फेडल्याशिवाय त्याच्याकडून दुसरी घ्यायची नाही. आणि दुसरा, सावड बुडवणाऱ्याच्या घरी पोरगी द्यायची नाही. हे दोन्ही कायदे मला तोंडपाठ होते. पण तोंडपाठ असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो ना!

एप्रिलच्या एक तारखेला तो आला. वाल्टर नाव. वय पंचविशीचं, उंची दाराच्या चौकटीला भारी, अंगावर उन्हानं लाल झालेलं कातडं. पुण्यात सहा महिने मराठी शिकलेला, त्यामुळं पुस्तकासारखं बोलायचा. "नमस्कार. मी आनंदी आहे. माती कुठे आहे?" गावाला लई आवडला! दुसऱ्या दिवशी त्याचा वाल्टरप्पा झाला. त्याचं ते पिवळं मशीन नाल्यात उतरलं आणि अशी माती ढकलायला लागलं, की म्हाताऱ्यांनी त्याच्यापुढं नारळ फोडला. अकरा दिवसांत अर्धा बांध उभा! मी रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून आपल्या निकाहच्या पंगतीचा हिशेब करायचो. बिर्याणी किती, दालचा किती.

वाल्टर जेवायला कल्याणप्पांकडं. त्यांची बायको शांताक्का त्याला भाकरी मोडून, कालवून द्यायची आणि चौकशा करायची. घरी कोण कोण? आई नाही. वडील आहेत. आयोवा नावाच्या मुलखात दोनशे एकर मका. वडिलांचा गुडघा दुखतो. भाऊ? नाही. गडी? परवडत नाही.

"म्हंजे म्हातारा यकटाच?" शांताक्कानं पदर डोळ्याला लावला. "दोनशे एकर! आन् त्याचं लेकरू हितं आमची माती उकरतंय!"

मी तिथंच जेवत होतो. मला काही वाटलं नाही. उलट म्हटलं, वा, काय माणुसकी आहे! खुदा माफ करो, मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

बाराव्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो, तर मशीन बंद. समोर गावातली अठरा माणसं, धुतलेली धोतरं, नवे पटके, खांद्यावर घोंगडी. मागं चार बैलजोड्या, शिंगं रंगवलेली. बैलांच्या मागं शांताक्का आणि बायका, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कडक भाकरी. वाल्टर टोपी हातात घेऊन उभा, आणि मराठी विसरलेला.

"हे काय कल्याणप्पा? देवाला निघालात का?"

"न्हाय. अमेरिकेला."

"कुठं?"

"अकरा दिवस वाल्टरप्पानं आमची सावड केली. आता आमची पाळी! अठरा गडी आन् चार जोड्या. मशीनपुढं कमी पडाया नको म्हनून जोड्या यक्स्ट्रा घेतल्या. म्हाताऱ्याचं रान नांगरून दिऊ, मका काढून दिऊ आन् परत यिऊ. मग वाल्टरप्पानं पुढलं मशीन चालवावं. आधीचं फिटल्याबिगर दुसरं कसं घ्यावं, आन् आपल्या वाटच्या बांधाला तरी हात कसा लावावा?"

मी तिथंच मातीत बसलो.

"अहो, मी म्हणालो ते... तसं नव्हतं! ते नुसतं उदाहरण होतं!"

कल्याणप्पांचा चेहरा पडला. "म्हंजे तुमी भर सभेत खोटं बोललाव?"

आता सांगा, काय म्हणू? होय म्हणालो तर गाव मला उचलून नाल्यात टाकणार, आणि तेही उरलेल्या अर्ध्या भागात! नाही म्हणालो तर अमेरिका!

"खोटं नाही, कल्याणप्पा. पण ते लांब आहे हो!"

"किती लांब? तुळजापूरपरीस?"

मी शाळेतून जगाचा नकाशा आणला. समुद्र दाखवला. निळा निळा समुद्र, हात फिरवून फिरवून दाखवला! त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बोटीनं जाता येतं ना? वाल्टरप्पा कसा आला? बोटीनंच आला की न्हाय?"

"बैल बोटीत कसे नेणार?"

"मशीन कसं आलं?"

मी नकाशा गुंडाळून काखेत मारला.

मग मला एक अक्कल सुचली, आणि तिच्यापेक्षा मूर्खपणा परवडला असता. मी म्हटलं, "परदेशी जायला पासपोर्ट लागतो. सरकारची परवानगी! ती नाही मिळाली तर आपला इलाज नाही, सावड आपोआप माफ." मनात म्हटलं, जिल्ह्याच्या कचेरीत असा अर्ज गेला तर आठ दिवसांत फेटाळून येईल, माझी सुटका! मी स्वतः अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, हेही एक दुर्दैवच. अर्जदार एक ते अठरा, अंगठ्यांसह. अर्जदार एकोणीस ते सव्वीस, बैल. जाण्याचे कारण : सावड फेडणे.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. मशीन बांधावर उभं. त्याच्या खोऱ्यात शेळ्या सावलीला बसायच्या. वाल्टर सकाळी मशीन पुसायचा आणि दिवसभर शांताक्काकडून भाकरी थापायला शिकायचा. मी टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभा राहायचो, तिकडं कळंबला नूरजहाँही टपालाचीच वाट बघत होती. आमच्या दोघांत एवढंच काय ते साम्य उरलं होतं.

दहा मेला उत्तर आलं. कचेरीनं अर्ज फेटाळला नव्हता! कचेऱ्यांचं तेच तर आहे, ज्याचं काय करायचं कळत नाही ते त्या फेटाळत नाहीत, माहिती मागवतात. लिहिलं होतं : "अर्जदार क्रमांक १९ ते २६ यांचे वय, रंग, शिंगांची ठेवण व लस टोचल्याचा दाखला दोन प्रतींत सादर करावा."

कल्याणप्पांनी मला मिठी मारली. "झालं की काम! बैलांचं इचारलं म्हंजे मानसांचं पास झालं!"

त्या दिवशी गावानं बत्तासे वाटले. शांताक्कानं आणखी दोनशे भाकरी भाजल्या. मी घरी जाऊन दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडलो. अम्मी बाहेरून म्हणाली, "काय झालं बेटा?" मी म्हटलं, "बैल मंजूर झाले!"

तीन दिवसांनी जीप धुरळा उडवत आली. साहेब उतरले ते चावडीत न शिरता माझ्याच अंगावर आले.

"शेख! कचेरीतून मला विचारणा झालीय, की तुमच्या ब्लॉकमधून आठ बैल अमेरिकेला निघालेत, ते कोणत्या योजनेखाली? काय उत्तर देऊ मी?"

"साहेब, मी फक्त सहकार्य समजावून सांगितलं..."

"कुणी सांगितलं होतं समजवायला? नुसता आदेश वाचून दाखवायचा होता!"

मग त्यांनी कल्याणप्पांना बोलावलं. आधी दरडावलं, मग आर्जव केलं, मग पुन्हा दरडावलं. कल्याणप्पा हात जोडून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, तुमी मोठी मानसं. पर उपकाराखाली दबून ऱ्हानारं हे गाव न्हाय. दोन्ही देस बराबरीचे, असं वलीसायेबच म्हनले हुते. मग त्यानं करायचं आन् आमी नुसतं बघायचं, ही कसली बराबरी?"

साहेब जीपकडं वळले. खरं सांगू? त्या क्षणी मला कल्याणप्पांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांचा गळाही दाबावासा वाटला.

जीपमध्ये चढताना साहेब म्हणाले, "वीस तारखेला मशीन करंजखेड्याला जाणार, तारीख ठरलेली आहे. तेवढ्यात निस्तरा. नाहीतर माझ्यापुढं पर्मनंटचा प सुद्धा काढू नका!"

करंजखेड्याचा ग्रामसेवक माणिकप्पा. माझ्याच बरोबरीचा, माझ्यासारखाच टेम्पररी. हा माणूस दिवसाला सात वाक्यं बोलतो आणि त्यातली चार म्हणजे "बरं". कुणी काही विचारलं तर मान हलवतो. त्यानं आयुष्यात कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. त्याची मला कीव यायची!

उरले सात दिवस. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि सावडीच्या कायद्यातच वाट सापडली! ज्याची सावड फेडायची तो म्हणाला, "माझ्या रानात नको, अमक्याच्या रानात कर," तर तिथं केलेली चालते. व्वा! मी पळत वाल्टरकडं गेलो. त्याला गोठ्यामागं नेऊन पुन्हा पुन्हा पढवलं. "सभेत उभं राहायचं. म्हणायचं, माझी सावड इथंच फेडा. हितंच! एवढंच बोल भाऊ, माझा संसार तुझ्या हातात आहे!"

"तुमचा संसार? मी आनंदी आहे," वाल्टर म्हणाला.

सभा भरली. वाल्टर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी, हात जोडून.

"कल्याणप्पा, गावकरी बंधू-भगिनींनो," वाल्टर म्हणाला. "माझे वडील खूप दूर आहेत. तुम्ही जाऊ नका. माझी सावड येथे फेडा."

टाळ्या! अशा टाळ्या, की मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं चांदीचे पैंजण वाजायला लागले. आणि वाल्टर पुढं बोलायला लागला.

"पण तुमच्या बांधावर नाही. तुमच्याच बांधावर तुम्ही काम केले तर ती सावड होत नाही. ते तुमचेच काम होते. शांताक्का यांनी मला सगळे नियम शिकवले आहेत. माझे पुढचे काम करंजखेडा येथे आहे. तुम्ही तेथे या."

"वा रे माझ्या लेकरा!" शांताक्का ओरडली. "कसं बराबर ध्यानात ठिवलंय!"

मी डोळे उघडले नाहीत. उघडून काय बघायचं होतं?

वीस मेला माळेवाडीची अठरा माणसं, चार जोड्या आणि सहाशे कडक भाकरी वाजतगाजत करंजखेड्याला गेल्या. पुढं पिवळं मशीन, त्याला आंब्याचं तोरण. मीही गेलो. नाइलाज, माझंच गाव होतं. करंजखेड्याच्या वेशीवर माणिकप्पा उभा होता. अठरा गडी बघितले, बैल बघितले, भाकरी बघितल्या आणि म्हणाला, "बरं."

अकरा दिवसांत करंजखेड्याचा अख्खा बांध पुरा! मशीन एकीकडून, आमची माणसं दुसरीकडून. आमचीच माणसं! ज्यांना मी श्रमदान दीड वर्ष समजावलं होतं, ती परक्या गावात उन्हात अशी राबली की करंजखेड्याचे लोक झाडाखाली बसून पान खात बघत राहिले. एकतीस तारखेला कल्याणप्पा माझ्याकडं आले, पटक्याला माती, चेहऱ्यावर समाधान.

"फिटली बघा, वलीसायेब! आता वाल्टरप्पाला म्हनावं, दुसरी सावड घ्यायला आमी मोकळे!"

पण मशीन त्याच दिवशी ट्रकवर चढवून लातूरकडं रवाना झालं होतं. वाल्टर जाताना मला म्हणाला, "तुमचे लोक फार चांगले आहेत. मी वडिलांना मोठे पत्र लिहिले आहे." मी म्हटलं, बरं. माणिकप्पाची सवय मला तिथंच लागली.

पुढचं काय सांगू! आठवड्यात मृग आला, नाल्याला पाणी आलं, आमच्या अर्ध्या बांधापर्यंत आलं, आणि त्याला वळसा घालून निघून गेलं. माणिकप्पाच्या हातात कायमची ऑर्डर पडली. एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण दोन देशांच्या सहकार्याखाली जिल्ह्यातल्या एका कर्तबगार ग्रामसेवकाला तीन आठवडे अमेरिका दाखवायचं ठरलं होतं! माणिकप्पा अमेरिकेला! जो बेंबळीच्या बाजारात वाट चुकतो! साहेबांनी त्याला विचारलं, "जाल ना?" त्यानं मान हलवली.

पाशामियाँनी निरोप पाठवला, "पुढच्या साली बघू." अम्मीनं पैंजण कापडात गुंडाळून संदुकीच्या तळाशी ठेवले. मी दोन दिवस जेवलो नाही. त्या दोन दिवसांत मला कुणीही काही समजावून सांगायला आलं नाही, हेच काय ते बरं झालं.

नोव्हेंबरात माणिकप्पा परत आला. मी आणि कल्याणप्पा त्याला भेटायला करंजखेड्याला गेलो. मी जळत, कल्याणप्पा वाल्टरच्या वडिलांची खुशाली विचारायला. बघतो तर माणिकप्पा काळा ठिक्कर, कंबरेतून वाकलेला, तळहाताला हे मोठमोठे घट्टे!

"काय रे, काय झालं? अमेरिकेत मारलं का तुला?"

माणिकप्पा त्या दिवशी जन्मात बोलला नसेल तेवढं बोलला. झालं असं, की वाल्टरनं वडिलांना पत्र लिहिलं होतं. इथल्या माळेवाडीची माणसं तुमच्या शेतावर राबायला यायला निघाली होती, दिवसाला दिवस फेडायला, अशी ही माणसं! पुढं ते वाल्टरच्याच सांगण्यावरून करंजखेड्यात फिटलं, हेही लिहिलं होतं, पण दुसऱ्या पत्रात. आणि ते दुसरं पत्र टपालात कुठंतरी अडकलं, त्याच्या आधी माणिकप्पा पोचला. उस्मानाबादकडचा ग्रामसेवक आयोवात येतोय एवढं ऐकून म्हातारा स्वतः गाडी घेऊन न्यायला आलेला. डोळ्यांत पाणी. विचारलं, "माळेवाडी?"

"मग तू काय म्हणालास?"

"मान हलवली."

म्हाताऱ्यानं त्याला मिठी मारली, घरी नेलं, पोटभर खाऊ घातलं आणि सकाळी मक्याच्या रानात उभं केलं. अकरा दिवस! तीन आठवड्यांतले अकरा दिवस माणिकप्पानं अमेरिकेत मका मोडला! कुठली उंच इमारत नाही, कुठलं धरण नाही. नुसता मका!

मी हसलो. तौबा, तौबा, काय हसलो! आठ महिन्यांत पहिल्यांदा! पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. खुदाच्या घरी देर आहे पण... असं म्हणेपर्यंत माझं लक्ष कल्याणप्पांकडं गेलं. ते हसत नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"म्हंजे," कल्याणप्पा सावकाश म्हणाले, "म्हाताऱ्यानं माळेवाडीच्या नावावर अकरा दिवस घेतले. आन् राबला माणिकप्पा."

"राबू द्या की!"

"राबू द्या कसं? आमच्या नावावर परका मानूस राबला. आता माणिकप्पाचे अकरा दिवस माळेवाडीवर निघतेत."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. "अहो, माणिकप्पाला शेत कुठं आहे? हा तर नोकरमाणूस!"

"मग नोकरीतलं काम करू. काय रं माणिकप्पा, काम तुंबलंय का?"

माणिकप्पानं मान हलवली. कपाटाकडं बोट दाखवलं. जन्म-मृत्यूची नोंद, दाखले, पीकपाणी, तीन आठवड्यांचं नव्हे, तीन महिन्यांचं तुंबलेलं!

"हे तर लिखापढीचं काम," कल्याणप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. अगदी मायेनं वळले. "आमच्या गावात लिखापढी येनारा मानूस एकच. आन् सावड तर तुमीच सांगितली हुती, वलीसायेब."

साहेबांकडं तक्रार केली. ते म्हणाले, "अकरा दिवस रजा टाका आणि जा. आणि शेख, तिथं कुणाला काही समजावू नका."

आज सातवा दिवस. मी करंजखेड्यात माणिकप्पाच्या खुर्चीवर बसून लिहितोय. टेबलावर लाकडी पाटी आहे, ताज्या रंगाची : "ग्रामसेवक". माणिकप्पा घरी कंबर शेकत पडलाय. कालपर्यंत सगळं नीट होतं. नीट म्हणजे, यापेक्षा वाईट काय होणार, अशा अर्थानं नीट.

आज दुपारी दारात सावली पडली. वर बघतो तर पाशामियाँ! खांद्यावर बारदानाचा गठ्ठा, शेंगांच्या हंगामात गावोगाव पोती विकायला निघालेले. त्यांनी मला बघितलं. पाटी बघितली. खुर्ची बघितली. करंजखेड्याचा ग्रामसेवक अमेरिकेला जाऊन आला आणि कायम झाला, एवढं कळंबच्या बाजारात पोचलेलं होतं. नाव पोचलेलं नव्हतं.

"वली! या अल्ला! तो तू?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं तर कुठून? दोन देशांपासून? बांधापासून? बैलांपासून? आयोवाच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून? गेल्या वेळी तोंड उघडून एक वाक्य बोललो होतो, त्याचं काय झालं ते आठवलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं.

"शरमतोय बघा!" पाशामियाँनी गठ्ठा टाकून मला छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "अरे, सांगायचं तरी! माझी पोरगी रोज भांडी आपटून मरायलीय! आपटून आपटून तपेल्यांना पोचे आले!" माझी मान त्यांच्या खांद्यावर होती, आणि त्यांनी थोपटलं की ती हलत होती. त्यांना वाटलं, मी होकार देतोय.

"पुढल्या नाही, त्याच्या पुढल्या जुम्म्याला निकाह! मी आजच कळंबला जाऊन सगळ्यांना सांगतो!"

मी भानावर येऊन धावलो तोवर एस.टी. धुरळा उडवत निघाली होती. खिडकीतून पाशामियाँ हात हलवत होते. मीही हात हलवला. काय करणार?

निकाहला अजून पंधरा दिवस आहेत. खुर्ची माझ्याकडं आणखी चार दिवस आहे. दोन्हींच्या मधे कुणीतरी कळंबला जाऊन पाशामियाँना सगळं नीट समजावून सांगायला पाहिजे. कुणीही चालेल. फक्त मी नको.